हॅमर पास करतो, स्लॅब डोक्यावर पडतो : मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या शाळेत भर वर्गात स्लॅबचा तुकडा निखळला आणि माझ्या मुलीच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. सातवीतली पोर, लिहायचा हातच गळ्यात. याच इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, पावसाळ्याआधी झालं होतं. शेरा : 'वापरास योग्य'.

ऑडिटच्या वेळी मी तिथे होतो. सेंट्रिंगची कामं करून पोट भरतो, म्हणून मुद्दाम गेलो. दोघं जण आले, रिबाउंड हॅमर (ठोक्याच्या उसळीवरून काँक्रीटचा कडकपणा मोजायचं यंत्र) थेट गिलाव्यावर टेकवला, आकडे लिहिले आणि निघाले. गिलावा काढा, काँक्रीट दगडाने घासा आणि मग ठोका, असं मी म्हणालो, तर उत्तर आलं, "काका, तुम्ही इंजिनिअर आहात का?"

नाही, साहेब. पण हॅमर वरच्या थराचा कडकपणा तेवढा सांगतो, एवढं मला कळतं. जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरतो, पृष्ठभाग कडक होतो, आकडा चढतो. आणि त्यानेच सळईचं संरक्षण जातं, ती गंजते, फुगते, वरचं काँक्रीटचं कव्हर फोडते. आत सळई खाल्ली जात असताना हॅमर चांगला आकडा दाखवतो! नुसत्या हॅमरचा अंदाज २५ टक्के इकडेतिकडे होतो, हे आयएस १३३११ या भारतीय मानकाने १९९२ सालीच लिहून ठेवलंय. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजणारी अल्ट्रासोनिक चाचणी कुठे आहे? १९९२ च्या त्याच मानकात वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली गेला की काँक्रीट संशयास्पद धरत. सळईच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल ही विद्युत चाचणी? चार कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढून दाबून पाहिले? या भिंतींनी २००५, २०१९, २०२१ चे पूर अंगावर घेतलेत.

पोर झोपेत दचकून उठते. तिच्या आईने शेतावर जाणं सोडलं. माझं काम बुडालं, उसनवारी वाढली. अहवालाची प्रत मागितली तर म्हणाले, माहिती अधिकारात अर्ज करा. ज्या छताखाली माझं लेकरू बसतं, त्याचा कागद मी अर्ज करून मागायचा?

२०१६ साली महाडला सावित्रीवरचा पूल माणसांसकट वाहून गेला, तेव्हाही तपासण्यांच्या घोषणा झाल्या. तपासणी सगळ्यात कमी दरवाल्याला द्यायची, त्याने हॅमर ठोकायचा, साहेबाने सही करायची आणि स्लॅब पडला की पावसावर ढकलायचं. सही करणाऱ्याचं पोर त्या वर्गात बसत नाही, म्हणून हे चालतं.

कोअर कधी काढणार, त्याची तारीख लेखी कळवा. तोवर माझी मुलगी त्या स्लॅबखाली बसणार नाही, आणि गावातल्या प्रत्येक घरी जाऊन मी हेच सांगतोय.

एक पालक,
ता. पलूस, जि. सांगली