अबातानबद्दल पण लिहा ना

संपादकसाहेब, रविवारच्या पुरवणीतला आफ्रिकन कलेवरचा लेख आवडला पण सगळा भर मुखवटे आणि ब्राँझच्या मस्तकांवरच, मातीकाम करणाऱ्या बायकांचा साधा उल्लेखही नाही याचं फार वाईट वाटलं. नैऋत्य नायजेरियातल्या ओके-ओदान गावची, योरुबा समाजातली कुंभारीण अबातान, जन्म साधारण १८८५चा, आईकडून शिकली आणि एयिनले देवाची मडकी घडवायची, हा एयिनले मूळचा शिकारी आणि पुढे नदीचा देव झालेला. झाकणावर मातीचीच बाई, हातात वाडगी, आणि आत नदीतले गोटे नि पाणी, म्हणजे ते शोपीस नाहीच हो, देव्हारा आहे! म्युझियममध्ये काचेमागे रिकामं मडकं बघून हे कसं कळणार? प्लीज तिच्यावर फोटोंसकट एक मोठा लेख छापाच.

– एक वाचक, पुणे