चांदोलीची सहल ऋतू बघून ठरवा

महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरातून गाड्या चांदोली राष्ट्रीय उद्यानाकडे सुटतात आणि संध्याकाळी 'काहीच दिसलं नाही' म्हणत परततात. यात जंगलाचा दोष नाही. नोव्हेंबरात गवत कमरेएवढे असते, ओढे वाहते असतात. गव्याला किंवा सांबराला ठरावीक पाणवठ्यावर यावेच लागत नाही. ३१७ चौरस किलोमीटरच्या उद्यानात जनावरे पांगलेली असतात आणि गवतात दहा पावलांवरचा गवाही दिसत नाही. त्या दिवसांत जावे ते हिरव्या रानासाठी आणि वसंतसागर जलाशयाच्या भरलेल्या पाण्यासाठी.

डिसेंबर-जानेवारीत थंडी झोंबते आणि सकाळी उशिरापर्यंत धुके असते. पहाटे पाचला कोल्हापूर सोडून धुक्यात घाटवाटा तुडवण्यापेक्षा आदल्या रात्री मणदूर-आरळा भागात मुक्काम केलेला बरा. पक्ष्यांसाठी हा काळ उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा, पळस फुलतात. फुललेल्या सावरीखाली अर्धा तास गप्प बसले तर मधासाठी येणारे पक्षी आपणहून समोर येतात.

जनावरे बघायची असतील तर एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाणी टिकत नाही, ओढे आटतात आणि मोजकेच पाणवठे उरतात. पण वळीव झाला की जागोजागी डबकी साचतात आणि पुढचे काही दिवस पाणवठ्यावर बसून हाती काही लागत नाही. जाण्याआधी त्या भागात पाऊस झाला का, हे फोन करून विचारावे. माणशी तीन लिटर पाणी, सुती मळकट रंगाचे कपडे, टोपी. बिडी-सिगारेट, काडेपेटी घरीच ठेवावी. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते आणि वणव्यात जमिनीवरची घरटी आधी जळतात.

पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते आणि ते योग्यच आहे. कच्चे रस्ते चिखलात रुततात, ओढ्यांना अचानक लोंढे येतात. सड्यावरचा फुलोरा याच काळात भरात असतो, म्हणून हळहळ वाटते. त्यासाठी सप्टेंबरात पन्हाळ्याजवळचे मसाई पठार आहे. मात्र गाडी कडेलाच लावावी. सीतेची आसवं ही फुले नखाएवढी असतात, जांभ्यावरच्या बोटभर मातीत उगवतात. एकदा चाक फिरले की ती माती दाबून घट्ट होते आणि पुढच्या वर्षी तिथे पाणी मुरत नाही.

वाहनाचे म्हणाल तर बांबवडे-कोकरूड मार्गाने जाताना इंधन वाटेतच भरून घ्यावे. खाली टेकणारी गाडी आतल्या दगडी रस्त्यावर नेऊ नये, तळ फुटतो. निघण्याआधी स्टेपनीतली हवा बघावी, कारण पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. प्रवेश, वाहन आणि वाटाड्या यांची चौकशी वन्यजीव विभागाकडे आधीच करावी.

एक विनंती. उद्यान उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या तारखा ऐन वेळी कळतात आणि लोक फाटकावरून परत फिरतात. त्या तारखा वन विभागाने किमान पंधरा दिवस आधी जाहीर कराव्यात, कोल्हापूर मध्यवर्ती बसस्थानकावर फलक लावावा आणि आपल्या दैनिकाने त्या ठळकपणे छापाव्यात.

– एक वाचक, कोल्हापूर