अमळनेरच्या आप्पांना, प्रोजेक्टर चालू करून दिल्याबद्दल

आदरणीय आप्पा,
सा. न.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. फोनवर आभार मानायला गेलो की "राहू द्या हो मास्तर" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांनी वाचावं असं लिहितोय.

वडिलांचा सुपर एट प्रोजेक्टर, म्हणजे घरगुती चित्रीकरणाची आठ एमएमची फिल्म दाखवणारं मशीन, जळगावात अनेकांना दाखवला होता. बहुतेकांनी झाकणही न उघडता भंगारात द्यायला सांगितलं. तुम्ही आधी चष्मा पुसलात, मागचं झाकण काढलंत, चाक बोटानं हळूच फिरवून पाहिलंत आणि म्हणालात, "मशीन बिघडेल नही, वंगण सुकेल शे." म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, नुसतं वंगण सुकलंय. त्या एका वाक्यानं आमच्या घरात किती जीव आला ते तुम्हाला कसं सांगू!

जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते तुम्ही स्पिरिटनं एकेका दात्यातून काढलंत आणि शिलाई मशीनचं तेल काडीच्या टोकानं थेंबथेंब सोडलंत. पट्टा तर वितळून पुलीला चिकटला होता. तसा पट्टा आता कुठे मिळणार, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून माप घेतलंत. "कंपनीचं नाव शोधू नका, माप शोधा," हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. एमआयडीसीतल्या डाळ मिलच्या पॅकिंग मशीनला लागणारा हिरवा गोल पट्टा तुम्ही मापापेक्षा किंचित कमी कापलात, तापल्या पात्यावर दोन्ही टोकं वितळवून जोडलीत. जोडावर आलेली गाठ नेलकटरनं अगदी सपाट केलीत. ती राहिली असती, तर दर फेऱ्याला पट्ट्यानं उडी मारली असती आणि चित्र हललं असतं.

दिव्याचं तर मला अजून नवल वाटतं. बारा व्होल्ट, शंभर वॅट, मागे आरसा असलेला हॅलोजन. मी फोटोवाल्यांकडे चौकशी करत बसलो होतो आणि तुम्ही दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात पाठवलंत, कारण 'ईएफपी' असा क्रमांक असलेला हाच दिवा सूक्ष्मदर्शकांत आणि तपासणीच्या लाइट सोर्समध्येही वापरतात. दिसायला सारखा, पण दुसऱ्या क्रमांकाचा दिवा घेऊ नका, आरशाचा झोत गेटवर, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या खिडकीवर, नीट पडणार नाही, हेही तुम्हीच बजावलंत. काचेला बोट लागू नये म्हणून फडक्यात धरून तो बसवलात.

तरीही वडिलांची रीळं तुम्ही लगेच लावू दिली नाहीत, याबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे. फिल्म गेटमध्ये अडकली, तर दिव्याची आच तिथल्या तिथे चौकट जाळते. टुरिंग टॉकीजच्या तंबूत आयुष्य काढलेल्या माणसाला हे ठाऊक असणारच, पण दुसऱ्याच्या रिळासाठी एवढं थांबणारे कमी. फिल्म पुढे ओढणारा पंजा तिच्या कडेच्या छिद्रात बरोबर बसतोय याची खात्री होईपर्यंत तुम्ही रद्दीतला तुकडाच पुन्हापुन्हा चालवत राहिलात. प्रत्येक डबा उघडून वास घेतलात. दोन डब्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास येतो आणि शेजारच्या रिळांनाही ते लागतं, म्हणून ते डबे तुम्ही वेगळे काढलेत.

पन्नास फुटांचं रीळ म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. त्यात आमच्या गल्लीतली कानबाई, खानदेशातली देवी, मिरवणुकीनं निघालेली आहे, आवाज नाही, रंग थोडे लालसर झालेत. आईनं आधी मोठ्या काकूंना ओळखलं. मग डोक्यावर पाट घेऊन पुढे चाललेल्या, हिरव्या लुगड्यातल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "अरे, ही तर मीच!" तिनं ते रीळ पुन्हा लावायला सांगितलं. आप्पा, वडील आम्हाला कॅमेऱ्यामागेच आठवतात. त्यांनी काय पाहिलं, ते तुमच्यामुळे आम्हाला दिसलं.

आंबट वासाची रीळं आधी स्कॅन करून घ्यायचं ठरवलंय, तुम्ही सांगितलं तसंच, प्रोजेक्टरवर न चढवता. आणि चोपड्याच्या एका ओळखीच्यांकडे सोळा एमएमचं मशीन पडून आहे. तुमची हरकत नसेल तर घेऊन येतो. या वेळी दोऱ्यानं माप मी घेईन, तुम्ही फक्त तपासा. आईनं भरीत-कळण्याची भाकरी खायला काकूंसह बोलावलंय. रविवार तुम्ही सांगा.

आपला,
जळगावचा मास्तर