अण्णांची फियाट

जालना,
मंगळवार, सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एकदम गप्प झालो, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. वाडा विकायचं ठरलंय, पडवीतली तुझ्या वडिलांची, अण्णांची फियाट भंगारवाल्याला द्यायची आहे, तूच कुणीतरी बघ, असं तू म्हणालास आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. फोनवर जमलं नाही ते आता लिहितोय. सावकाश वाच.

गेल्या दिवाळीपासून आमच्या अंगणात शनिवारी रात्री सिनेमा असतो. बाबांचं जुनं धोतर भिंतीला ताणून बांधायचं, डॉक्टरांचा प्रोजेक्टर स्टुलावर ठेवायचा आणि सतरंजीवर बसायचं. आम्ही सहा-सात जण आहोत, सगळे जुन्या गाड्या जपणारे. डॉक्टरांची अँबॅसेडर, अंबडकडच्या एका मोसंबीवाल्याची जीप, माझी पद्मिनी. आणि आपले मिस्तरी, एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. नियम एकच, सिनेमात गाडी पाहिजे. मिस्तरी डोळे मिटून बसतात. पहिल्यांदा वाटलं, झोपले. पण ते आवाज ऐकत असतात. मधेच म्हणतात, "एक प्लग मारंना झालाय बघा." म्हणजे इंजिनात एका प्लगची ठिणगी पडत नाही.

सुरुवात अर्थातच ‘चलती का नाम गाडी’ने केली. सत्येन बोस यांचा १९५८ सालचा. अशोक, किशोर, अनुप हे तिघे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच आणि गॅरेजचे मालक. पावसाच्या रात्री मधुबालाची गाडी बंद पडते आणि ती गॅरेजात येते. हा सिनेमा आपण दोघांनी किती वेळा पाहिला असेल! पण या वेळी माझी नजर त्या गॅरेजवरच होती. भिंतीला टेकवलेले टायर, काळे झालेले हात, रात्री-बेरात्री उघडावं लागणारं दार. मिस्तरींच्या डोळ्यांत पाणी आलं. विनोदी सिनेमा, आणि माणूस रडतोय!

मग एकदा ‘जेनेव्हिव्ह’ लावला, १९५३चा इंग्रजी रंगीत सिनेमा. डॉक्टर शेजारी बसून मराठीत सांगत होते. तिकडं मोटारींना आधी ताशी फक्त चार मैलांची मुभा होती. १८९६ साली कायदा बदलला, चौदा मैल झाले, तेव्हा १४ नोव्हेंबरला लोकांनी आनंदानं लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या नेल्या. त्या आठवणीसाठी आजही नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तशीच फेरी निघते, आणि तीत १९०५च्या आधी बनलेल्याच गाड्या घेतात. सिनेमात दोन मित्र या फेरीला जातात. जेनेव्हिव्ह हे एकाच्या १९०४च्या डरॅक गाडीचं लाडाचं नाव. परतताना शंभर पौंडांची पैज लागते, वेस्टमिन्स्टरचा पूल आधी कोण ओलांडतो याची. पैज अगदी रंगात आलेली असताना एक म्हातारा गाडीजवळ येतो. त्याच्याकडेही कधीकाळी डरॅक होती आणि बायकोला लग्नाचं त्यानं तिच्यातच विचारलं होतं. आणि हा पठ्ठ्या पैज विसरून त्याचं ऐकत बसतो!

तेवढा भाग आम्ही तीनदा लावला. कारण ते आमच्याबाबतीत रोज घडतं. मी पद्मिनी घेऊन निघालो की मंठा चौफुलीला कुणीतरी थांबवतंच. मागं एक आजोबा बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "माझी वरात अशाच गाडीतून निघाली होती, केळीचे खुंट बांधून." त्यांना बोलायला पंधरा मिनिटं लागली. मागचे हॉर्न वाजवत होते. मी गिअर टाकला नाही.

तिसरा ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’, बंगाली, तोही १९५८चाच. एकटा टॅक्सीवाला आणि ‘जगद्दल’ नावाची त्याची खिळखिळी शेवर्लेट. रेडिएटरमध्ये पाणी ओततो तर तहानलेलं जनावर पाणी पितं तसा आवाज येतो. शेवटी जगद्दल भंगारात जाते. तुकडे गाड्यावर लादून नेतात, आणि एक लेकरू तिचा सुटा हॉर्न दाबून हसतं. दिवा लावायला कुणी उठेना. आपलं गाव म्हणजे भंगार वितळवून सळई करणारं गाव. एमआयडीसीच्या रस्त्यानं ट्रकमधून काय काय चेपलेलं जातं, ते आम्ही जन्मभर बघतोय. त्या रात्री ते पहिल्यांदा डोळ्यांत रुतलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन!

तुला दौलताबादचा रस्ता आठवतो का? आपण सहावीत होतो. एप्रिलचं ऊन, अण्णा वेरूळला निघालेले, आपण दोघं मागच्या सीटवर. किल्ल्याच्या जुन्या वेशीतून गाडी नेताना अण्णांनी दोन्ही बाजूंचे आरसे आत घ्यायला लावले होते. पुढं घाटात गाडी आचके देऊन थांबली. तू घाबरलास. अण्णांनी बॉनेट उघडलं, डोक्याचा पंचा सोडून सुरईच्या पाण्यात भिजवला आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर गुंडाळला. "तापलीय बिचारी. पेट्रोलची वाफ झाली की वर चढत नाही. निवू दे." आपण झाडाखाली बसून दशम्या आणि ठेचा खाल्ला. मग त्यांनी चोक न ओढता सेल्फ मारला आणि ती पहिल्याच दमात लागली. गाड्यांचं वेड मला त्या दुपारी लागलं. माझ्या बाबांकडे तर सायकलच होती, हे तुला माहीतच आहे.

काल मी आणि मिस्तरी तुमच्या वाड्यात जाऊन आलो. न विचारता गेलो, रागावू नकोस. चारही टायर बसलेत, सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. पण आपली हवा कोरडी, पत्रा धड आहे. मिस्तरी खाली झोपून सगळं बघून आले. म्हणाले, "प्लग काढून भोकात तेल सोडू, आठ दिवस मुरू देऊ, मग हँडलनं इंजिन हातानंच फिरवू. घाई केली तर पिस्टनच्या रिंगा तुटतील." रबराचं सगळं नवं घालावं लागेल, ब्रेकचं कीट, होज पाईप. टाकी उतरवून धुवावी लागेल. सामान जुन्या बाजारात अजून मिळतं.

कागदाचं म्हणशील, तर गाडी १९६८ची. जालना जिल्हा झाला १९८१ला, म्हणून पासिंग औरंगाबादचं आहे. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि आधी नोंद असेल तर जुना नंबरही राहतो. रोजच्या वापराला काढता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला नेता येते. आरसी बुक तेवढं शोध. अण्णांच्या लोखंडी पेटीत असेल.

भंगारवाला वजनावर जे देईल ते मी देतो. पण गाडी तुझ्याच नावावर राहू दे. माझ्याकडे जागा आहे, वर पत्रे आहेत. तू पुण्याहून येशील तेव्हा तूच चालव. तुझ्या लेकीनं आजोबांचा आवाज ऐकला नाही, गाडीचा तरी ऐकेल.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. आणि किल्ली कुठंय ते लगेच कळव. अण्णा देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला अडकवायचे. काल बघितलं, खिळा आहे, किल्ली नाही.

तुझाच,
शेजारच्या वाड्यातला