गाय किती मिथेन सोडते हे विचारताय, ती काय खाते तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गायीगुरांच्या मिथेनवर (हवा तापवणारा गॅस) तुमच्या पेपरात अधूनमधून बातम्या येतात, त्यात एका गायीमागे वर्षाला इतका गॅस असा आकडा असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की या तापण्याचं मूळ गायच. मी रोज गुरांत वावरणारा माणूस आहे, म्हणून लिहावंसं वाटलं, कारण गायीच्या पुढ्यात कुठला चारा पडतो हे त्या बातमीत कुठेच नसतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. हा गॅस मागून सुटतो असं वाटतं, पण तो बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरेतून बाहेर पडतो. कोटीपोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो, तिथले जंतू तंतू फोडतात, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि मिथेन बनवणारे दुसरे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन करतात. चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण 6 ते 7 टक्के अशी उडून जाते, म्हणजे जे दुधात उतरायला हवं होतं ते हवेत गेलं, त्यामुळे हा नुसता हवामानाचा प्रश्न नाही, आमच्या पोटापाण्याचाही आहे.

आता चाऱ्याचं सांगतो. गवत पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) असताना कापलं तर देठ नखाने तुटतो, आणि तेच निसवून, फुलून, बी धरेपर्यंत ठेवलं की त्यात लिग्निन (न पचणारा कडक भाग) भरतं, काडी लाकडासारखी होते. ढीग मोठा दिसतो म्हणून माणूस थांबतो (मीही कित्येक वर्षं थांबलो, आणि ते चुकलंच), पण गायीला त्यातलं निम्मंही धड पचत नाही. खात्री करायची असेल तर मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. जून चारा खाणाऱ्या जनावराच्या शेणात बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या जशाच्या तशा राहिलेल्या दिसतात, कोवळ्या चाऱ्यावर असेल तर बारीक भुसाच उरतो. असा जाड चारा कोटीपोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट भरलेलं असतं म्हणून गाय पुढे खात नाही, आणि गॅस मात्र चालूच.

ढोबळ हिशोब करू. एक किलो सुक्या चाऱ्यामागे साधारण 20 ग्रॅम मिथेन धरा. जून गवत आणि काड (धान्य काढून उरलेला वाळका पेंढा) मिळून 9 किलो खाणारी गाय दिवसाला 180 ग्रॅम सोडते आणि समजा 3 लिटर दूध देते, म्हणजे लिटरमागे 60 ग्रॅम. कोवळा, पचणारा चारा असेल तर ती 12 किलो खाईल, 240 ग्रॅम सोडेल, पण समजा 10 लिटर दूध दिलं तर लिटरमागे 24 ग्रॅमच. बघा, गायीमागचा आकडा वाढला आणि दुधामागचा निम्म्याहून खाली आला! आणि इथे मी दोन्हीकडे किलोमागे एकच आकडा धरलाय, खरं तर चांगल्या चाऱ्यात किलोमागेही बरेचदा कमीच निघतो. नुसतं गायीमागे मोजलं तर अर्धपोटी, हाडं निघालेली गाय सगळ्यात चांगली ठरेल, हे मला अजिबात पटत नाही.

काडच खायला घालायची वेळ आली तरी हातावर हात धरून बसायचं कारण नाही. 100 किलो काडाला 4 किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा आणि हवाबंद झाकून 3 आठवडे ठेवायचं, पचन बरंच सुधारतं. युरियाचं प्रमाण मात्र चुकू देऊ नका, जास्त झालं तर जनावर दगावतं. सोबत थोडा द्विदल (लसूणघास, चवळीसारखा) चारा असला की कोटीपोटातल्या जंतूंना प्रथिनं मिळतात, नुसत्या काडात ती फारच कमी.

तेव्हा पुढच्या बातमीत गायीमागच्या आकड्याशेजारी लिटरमागचा आकडाही छापा, आणि त्या गायीला कुठला चारा होता तेही एका ओळीत द्या, एवढीच विनंती.

आपला,
एक पशुपालक वाचक