चाकू काढ, अक्षर ठेव

प्रिय अव्या,

तुझी फिल्म पाहिली. एकदा रात्री, एकदा सकाळी, आणि तिसऱ्यांदा फक्त पहिली ७० सेकंदं, तीही आवाज बंद करून. पुढच्या २१ मिनिटांवर फोनवर बोलूच, तिथं भांडण्यासारखं फार काही नाही. हे पत्र फक्त टायटल्सबद्दल, म्हणजे सुरुवातीला नावं येतात त्या भागाबद्दल आहे, कारण फोनवर या विषयात तू मला बोलूच देणार नाहीस.

मी मोजलं. रक्ताचे थेंब, चाकूचं पातं, टिकटिकणारं घड्याळ, उडणारे कावळे, भेदरलेला डोळा, परत चाकू. अरे, तुझ्या गोष्टीत चाकू आहे कुठे? एका बाईच्या दाराखालून रोज एक चिठ्ठी आत सरकते आणि शेवटी कळतं की त्या चिठ्ठ्या तीच लिहितेय. इतकी चांगली गोष्ट, आणि तिच्या दारात तू कावळे सोडलेस! तुला भीती पेरायची होती, पण झाली ती भयानक वस्तूंची यादी.

हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) आठव. त्याची टायटल्स करणाऱ्या सॉल बासनं दाखवलंय काय? पट्ट्या. आडव्या-उभ्या पट्ट्या सपासप येतात, त्यांच्यासोबत नावं चिरली जातात, जुळतात, परत चिरली जातात. ना रक्त, ना पुढे खून होतो ते न्हाणीघर. मागे संगीतकार बर्नार्ड हरमनचा वाद्यवृंद, त्यात फक्त तंतुवाद्यं. मग सगळं शांत होतं आणि पडद्यावर शहराचं नाव, वार, तारीख आणि वेळ येते: दुपारचे दोन त्रेचाळीस. पुढे बराच वेळ खुनाचा पत्ताच नाही. एक प्रेमप्रकरण, एक ऑफिस, ४०,००० डॉलरची चोरी. तरी आपण खुर्चीत टेकून बसत नाही. आणि चोरी करणारी बाई ते पैसे घेऊन गाडीतून पळते तेव्हा हरमन टायटल्सचीच धून परत आणतो. पडद्यावर एक बाई नुसती गाडी चालवतेय, आणि आपले तळहात ओले! ती धून आपल्याला पहिल्या दोन मिनिटांतच पढवून ठेवलेली असते, आपण ती शिकलो हे आपल्यालाही कळलेलं नसतं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. थ्रिलरची टायटल्स ही उधारी असते. सुरुवातीला काहीतरी प्रेक्षकाच्या खिशात गुपचूप टाकायचं आणि पुढे योग्य वेळी त्याच्याच खिशातून काढून दाखवायचं. तुझे कावळे परत येतात का? नाही. मग ते कशाला आले होते?

बासच्या आधी टायटल्सना कुणी फारसं विचारायचंही नाही. ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) थिएटरांत गेला तेव्हा रिळांच्या डब्यांवर ऑपरेटरसाठी सूचना लावली होती: टायटल्स सुरू व्हायच्या आधी पडदा उघडा. म्हणजे एरवी नावं बंद पडद्यावरच पडून जात असणार. आता पडदा उघडाच असतो, पण इंट्रो वगळायचं बटण आलंय. तूही ते दाबतोस, मला माहीत आहे.

तू म्हणशील, ‘सेव्हन’ (१९९५) मध्ये तर ब्लेड आहे, बोटांची कातडी सोलणं आहे. आहे ना. पण ते हात कुणाचे? ती टायटल्स करणाऱ्या काइल कूपरनं आपल्याला तुकडे दिलेत: वह्या, सुया, दोरा, फोटो, खाडाखोड. चेहरा एकदाही नाही. खुनी माणूस चित्रपटात समोर येतो खूप उशिरा, पण टायटल्सच्या दोन मिनिटांत आपण त्याच्या टेबलाशी बसून आलेलो असतो. नावंसुद्धा फिल्मवर हातानं ओरखडून काढलेली, थरथरणारी, जणू त्यानंच लिहिलीत. आणि गंमत म्हणजे खुन्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव त्या टायटल्समध्ये नाहीच. ते गाळणं हासुद्धा टायटल्सचाच भाग झाला! तिथलं ब्लेड त्या माणसाच्या रोजच्या कामातलं आहे. तुझा चाकू भाड्यानं आणलेला वाटतो.

उलट काही ठिकाणी टायटल्स नकोतच. ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) एका टायमर लावलेल्या बॉम्बपासून सुरू होतो. तो गाडीच्या डिकीत ठेवला जातो आणि कॅमेरा एकही कट न घेता तीन मिनिटांहून जास्त वेळ गर्दीतून फिरत राहतो. स्टुडिओनं त्यावर नावं छापली, वर संगीत चढवलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनं ५८ पानांचं टिपण लिहून आपल्या हरकती कळवल्या होत्या, आणि त्या टिपणावरून १९९८ साली नव्यानं संकलन झालं तेव्हा नावं तिथून निघाली. मी दोन्ही पाहिलेत. नावं असली की डोळा वाचायला जातो आणि बॉम्ब विसरतो. नावं काढली की डोळ्याला डिकीशिवाय दुसरं कामच उरत नाही. तुझा पहिला सीन, चिठ्ठी फरशीवरून सरकत येते तो, असाच आहे. त्यावर एकही नाव टाकू नकोस.

मग करायचं काय? माझ्या डोक्यात आलंय ते सांगतो, पटलं तर घे.

सुरुवातीला पडदा काळा. फक्त कागदावर पेन फिरल्याचा आवाज. मग नावं येतात, चिठ्ठ्या ज्या अक्षरात आहेत त्याच अक्षरात. आधी शिरोरेषा नाही, नुसती उघडी अक्षरं. वाचता येतात, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. मग एका झटक्यात वरून रेघ ओढली जाते आणि नावांची ती पाटी जाते. बासला पट्ट्या आणाव्या लागल्या, आपल्या लिपीत ती रेघ आयतीच आहे! त्या अक्षराला एक खोड दे. समज, ‘ळ’वर आली की रेघ तुटते. ज्या पाटीत ‘ळ’ येईल तिथं ती तुटलेली दिसेल, पण कुणी लक्ष देणार नाही. मग पंधराव्या मिनिटाला ती बाई किराणा सामानाची यादी लिहायला घेते तेव्हा कॅमेरा ‘तेल-डाळ-गूळ’वर अर्धा सेकंद जास्त रेंगाळू दे. बस. ज्याला कळेल त्याच्या पाठीत कळ जाईल. टायटल्समध्ये हात मात्र दाखवू नकोस, तिच्या बांगड्या दिसल्या की खेळ खल्लास.

आणि पेनचा तो आवाज जपून ठेव. तिसऱ्या चिठ्ठीच्या रात्री ती पलंगावर जागी पडलीय, तिथं शेजारच्या खोलीतून तो पुन्हा येऊ दे, हळू.

किरकोळ गोष्टी: पाट्या फार पटकन जातात. मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ तरी ठेव. कॅमेरामनचं नाव कावळ्याच्या पंखाखाली गेलंय, तो तुला सोडणार नाही. आणि तुझं नाव तीनदा आलंय: लेखक, संकलक, दिग्दर्शक. एकाच पाटीवर घे, शेवटी.

चिठ्ठ्या कुणाच्या अक्षरात आहेत ते कळव. तू स्वतः लिहिल्या असशील तर दुसरं कुणीतरी शोध. तुझं अक्षर वाचायला मला वीस वर्षं लागली, प्रेक्षकांकडे इतका वेळ नाही.

तुझा,
संज्या

ता. क. कावळ्यांचं फुटेज विकत घेतलं असशील तर तो खर्च माझ्या डोक्यावर फोडू नकोस.