खोऱ्यातल्या बाळंतिणींसाठी रात्रीची लाँच

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

तापोळ्याच्या बोटिंगवर तुमच्या पानात नेहमी काही ना काही येतं. त्याच पाण्यापलीकडच्या बाळंतिणींसाठी थोडी जागा द्यावी.

मी निवृत्त नर्स. नोकरीतली अकरा वर्षं शिवसागरकाठच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाकाठच्या, एका आरोग्य उपकेंद्रात काढली. एका पावसाळ्यात कांदाटी खोऱ्यातली पहिलटकरीण रात्री कळा घेऊन आली. लाँच सकाळीच मिळणार होती. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकून पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायच्या तक्त्यावर, खुणा करत बसले. आम्हाला शिकवलेलं की बाईला टेबलावर आडवंच ठेवायचं. पण तिच्या सासूनं पंख्याच्या हुकाला लुगडं बांधलं आणि पोरगी ते धरून उकिडवी बसली. मी सासूचं ऐकलं. पहाटे मुलगी झाली. थर्मासातल्या बर्फात जपलेलं ऑक्सिटोसिन, म्हणजे रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन, १० युनिट, मांडीत दिलं, वार पडली. सकाळची लाँच आली तेव्हा सासू चहा ढोसत होती.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरीची, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या कामाची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सना १८ महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं आणि साधी बाळंतपणं त्यांच्या कक्षात त्यांनीच करायची. वाचून हरखले. मग मेख कळली, हे कक्ष बाळंतपणांची गर्दी असलेल्या मोठ्या रुग्णालयांत! म्हणजे डॉक्टर जिथे हाकेच्या अंतरावर, तिथेच. कारण देतात की बाई अडली तर सिझर जवळ हवं. खरंच आहे ते. रक्तस्राव थांबत नसलेली बाई मी लाँचमध्ये घालून, पोटावरून गर्भाशय चोळत बामणोलीपर्यंत नेलेली आहे, तेव्हा धोका मला कुणी समजावू नये. पण म्हणून खोऱ्यातल्या बाईनं सगळ्यालाच मुकायचं का?

रक्तदाब, जुळं, आधीचं सिझर अशा बायकांना आठव्या महिन्यातच साताऱ्याला हलवा. बाकीच्यांसाठी तापोळा भागात एक बाळंतपण केंद्र काढा. तिथे मिडवाइफरी शिकलेल्या किमान दोघी हव्यात, कारण एकटी नर्स रोज रात्री जागू शकत नाही. एक लाँच रात्री राखीव ठेवा, आणि निरोप जाताच बामणोलीच्या धक्क्यावर १०८ रुग्णवाहिका लागली पाहिजे.

मध्यंतरी आमच्या उपकेंद्रात डोकावले. बाळंतपणाच्या टेबलावर जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे होते. येताना लाँचवाल्यांना विचारलं. रात्री यायला ते तयार आहेत, डिझेलचं कोण बघणार एवढंच विचारतात.

– एक निवृत्त नर्स, मेढा (जि. सातारा)